क्यूब पास झाला, पण पावसाळे किती काढणार?

डिप्लोमा सिव्हिलला ‘बांधकाम साहित्य’ हा विषय लागला की सीनियर हमखास सांगतात, “टेन्शन घेऊ नको, पाठांतराचा पेपर आहे.” गणित जवळपास नाही. दगडाचे प्रकार, विटेचे गुणधर्म, सिमेंटच्या चाचण्या, लाकडातले दोष एवढं तोंडपाठ केलं की पेपर निघतो. निघतोही. पण रत्नागिरीत राहून हा विषय शिकताना जे हाती लागलं ते पेपरात कुणी विचारलं नाही, आणि आज साइटवर मला रोज तेच लागतं: काँक्रीटचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेला ठोकळा, दाबाच्या चाचणीत पास झाला तरी बांधकाम किती पावसाळे काढेल हा प्रश्न उरतोच. म्हणून सविस्तर लिहिते आहे. कोकणात सिव्हिल शिकणाऱ्या मुलामुलींना उपयोग होईल, आणि समुद्राजवळ घर बांधायला काढलेल्यांनाही.

पुस्तकात विटेला अख्खं प्रकरण होतं. १९ × ९ × ९ सेंटिमीटरची प्रमाणित वीट, तिची भट्टी, तिच्या चाचण्या. जांभ्याला, म्हणजे ज्याचे ठोकळे कापून चिरे करतात त्या कोकणातल्या तांबड्या दगडाला, मात्र अर्धं पान. आमच्या वर्गातल्या बहुतेकांची घरं चिऱ्याची, आणि परीक्षेसाठी आम्ही वीट पाठ करत होतो. हे आमच्या मॅडमना खटकत असावं, कारण दगडाच्या प्रॅक्टिकलला त्यांनी सांगितलं, “प्रत्येक गटाने आपापल्या गावचा एकेक चिरा आणायचा. कुठल्या खाणीतला आणि कधी काढलेला, हे विचारून यायचं.” अखंड चिरा काही हलका नसतो. मुलांनी एसटीत पायाशी ठेवून आणले. लॅबच्या ओट्यावर ते ओळीने मांडले तेव्हा लक्षात आलं की ‘जांभा’ म्हणून एकच एक दगड नसतोच. कुणाचा गडद तांबडा आणि जड, कुणाचा पिवळट, कुणाच्या चिऱ्यात बोट जाईल एवढी भोकं आणि भोकांत पांढरट माती भरलेली.

चाचणी साधी आहे. चिरा ओव्हनमध्ये पूर्ण वाळवायचा, थंड करून वजन घ्यायचं, मग २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन. फरक म्हणजे त्याने प्यायलेलं पाणी. पिवळट चिरा टाकीत सोडला तसा तो बोलायलाच लागला. आधी मोठे बुडबुडे भराभरा वर आले, मग एका कडेने बारीक बुडबुड्यांची सलग माळ सुरू झाली, ती आम्ही घरी निघेपर्यंत थांबली नव्हती. हवा बाहेर येत होती आणि तिच्या जागी पाणी आत शिरत होतं, हे डोळ्यांसमोर घडत होतं. बाजूचा गडद तांबडा चिरा मात्र थोडे बुडबुडे सोडून गप्प झाला. आयएस ३६२० हे जांभ्याच्या चिऱ्याचं भारतीय मानक. त्याप्रमाणे चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये आणि दाबातली ताकद चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन असावी. पिवळट चिरा पाण्याच्या चाचणीत सपशेल नापास झाला. ताकदीत मात्र काठावर का होईना, पण पास.

तेव्हा वर्गात कुणीतरी म्हणालं की ३.५ म्हणजे फारच कमी, साधं एम २० काँक्रीटसुद्धा २० न्यूटन घेतं. मॅडमनी फळ्यावर हिशेब मांडायला लावला. तीन मीटर उंच चिऱ्याची भिंत, घनमीटरला साधारण २२०० किलो. तिचा स्वतःचा भार तळाच्या थरावर येतो चौरस मिलिमीटरला ०.०७ न्यूटनच्या आसपास. वर कौलारू छप्पर टाका, हवं तर स्लॅब टाका, तरी आपण ३.५ च्या खूप खाली राहतो. म्हणजे घर ताकदीअभावी पडणार नाही. ते पडलं तर पाण्याने पडेल. चिरा पावसात ओला होतो, भोकांतली माती धुऊन निघते, कोपरे झिजतात, भिंतीत ओल चढते. त्या हिशेबानंतर माझ्या डोक्यात विषयाची मांडणीच बदलली. कुठलंही साहित्य समोर आलं की ताकद किती हे विचारायचंच, पण त्याआधी विचारायचं की इथल्या पाण्यात आणि इथल्या वाऱ्यात हे किती पावसाळे काढेल. कोकणात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. इथे दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

पुढे कणकवलीकडच्या एका चिरेखाणीवर गेलो. खाणीचा उभा कापलेला कडा समोर असला की पुस्तकातलं ते अर्धं पान उलगडत जातं. सर्वांत वर सड्याचा, म्हणजे उघड्या पठाराचा, टणक कातळ, ज्यावर पावसाळ्यात फुलं येतात तोच. त्याखाली कापायला योग्य असा थर. त्याखाली दगड मऊ आणि पिवळा होत जातो आणि शेवटी पांढरट-जांभळट चिकण माती लागते. लाखो वर्षं बेसाल्टवर उन्हापावसाचा मारा झाला, सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, त्याचा हा दगड. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या अंगाडिपुरमला या दगडाची शास्त्रीय नोंद केली, आणि तिथे आज त्याचं स्मारक आहे. त्यानेही हेच टिपलं होतं की खाणीत हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि उघड्यावर ठेवला की कठीण होतो.

खाणीवरचे मेस्त्री वयस्क होते. मशीनची गोल पाती कातळात उभे-आडवे काप घेत होती, तांबड्या धुळीने सगळ्यांचे चेहरे सारखे झाले होते. मी विचारलं, चांगला चिरा कसा ओळखायचा? ते म्हणाले, “पिवळो दिसाक लागलो काय थांबायचा, बाय. त्याच्या खाली मातीच. आणि आज काढलेलो चिरो उद्या भिंतीक लावूचो नाय. एक पावसाळो तेका भायर पडू दी.”

एक पावसाळा बाहेर. यामागचं कारण पुस्तकात सापडतं. ताज्या चिऱ्यातली लोहाची संयुगं ओलसर असतात. हवेत वाळताना त्यांतलं पाणी जातं, स्फटिक घट्ट बसतात आणि दगड टणक होतो. शिवाय पावसाने भोकांतली सुटी माती धुऊन जाते, आणि जो चिरा कच्चा आहे तो अंगणातच फुटतो. म्हणजे भिंतीत जाण्याआधीच निवड होते. आमच्याकडे जुनी माणसं घर बांधायच्या आदल्या वर्षी चिरे आणून रचत, ते याचसाठी. हल्ली ट्रक थेट खाणीवरून जोत्यापाशी येतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. सिमेंटच्या प्रत्येक गोणीची तारीख बघणारा माणूस चिऱ्याची तारीख विचारत नाही, आणि घराचा निम्मा भाग तर चिऱ्याचा असतो.

(खालच्या त्या चिकण मातीची दहशत काय असते ते कोकण रेल्वेच्या इतिहासात वाचायला मिळतं. कातळातून साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खणणाऱ्यांना गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भिजलेल्या मऊ मातीने पुन्हापुन्हा अडवलं. आमच्या खाणीच्या तळाशी मी जी माती बोटांनी दाबत होते, ती त्याच जातीची.)

सिमेंटच्या चाचण्या मी इथे फार लांबवत नाही, त्या सगळ्या कॉलेजांत सारख्याच होतात. व्हिकॅटच्या उपकरणात चार सेंटिमीटर उंचीचा साचा, त्यात सिमेंटची पेस्ट, वरून सोडलेली सुई. सुई तळापासून पाच मिलिमीटरवर अडली की सुरुवातीचा सेट, म्हणजे पेस्ट घट्ट व्हायला लागली. साध्या सिमेंटला तो ३० मिनिटांच्या आत येता कामा नये आणि शेवटचा सेट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. एक गोष्ट मात्र सांगते. या चाचण्यांसाठी मानक सांगतं की लॅबचं तापमान २७ अंशांच्या आसपास आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास हवी. जुलैत आमच्याकडे बाहेरच्या हवेत आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते. लॅबमध्ये ती आटोक्यात ठेवता येते, गावातल्या गोदामात नाही. पुस्तकांत ढोबळ आकडा देतात की तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण २० टक्क्यांनी घटते आणि सहा महिन्यांत ३० टक्क्यांनी. कोकणातल्या पावसाळ्यात, जमिनीला टेकलेल्या आणि भिंतीला चिकटवून रचलेल्या गोण्यांची काय गत होत असेल, ते गोणीत हात घातल्यावर कळतं. बोटांनी सहज चुरडणारी गुठळी असेल तर ती दाबाने झालेली. चुरडली जात नसेल तर त्या सिमेंटने पाणी आधीच घेतलं आहे, ते आता सिमेंट राहिलेलं नाही.

वाळूवर मात्र थांबायला हवं, कारण आमच्याकडचे निम्मे घोटाळे वाळूत आहेत.

पहिला घोटाळा आकारमानाचा. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, तो कणांना एकमेकांपासून लांब धरतो. लॅबमध्ये आम्ही काचेच्या मोजपात्रात ओलसर वाळू २०० च्या खुणेपर्यंत हलकेच भरली आणि वरून पाणी ओतलं. पाणी झिरपत खाली गेलं आणि वाळूची पातळी डोळ्यांदेखत खाली बसली. काठीने ढवळल्यावर आणखी खाली. पूर्ण बुडालेली वाळू कोरड्या वाळूएवढीच जागा घेते, ओलसर मात्र जास्त. चारपाच टक्के ओल असली की हा फुगवटा २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो, बारीक वाळूत त्याहूनही पुढे. आता जूनमध्ये उघड्यावर पडलेली वाळू घमेल्याने मोजून माल कालवा. घमेलं भरलेलं दिसतं, पण त्यात वाळू कमी असते आणि पाणी जास्त. मिक्सरवाला नेहमीएवढंच पाणी वर ओततो. माल पातळ होतो, आणि पातळ माल पोकळ वाळतो. म्हणून पावसाळ्यात वाळू वजनावर घ्यावी, नाहीतर निदान फुगवटा काढून घमेली वाढवावीत आणि वरचं पाणी तेवढं कमी करावं.

दुसरा घोटाळा मिठाचा. कोकणातल्या घरांत वर्षानुवर्षं खाडीची वाळू वापरली गेली आहे. होडीतून काढायची, काठावर ओतायची, ट्रकने थेट साइटवर. ती न धुता वापरली की तिच्याबरोबर मिठातलं क्लोराइड आत येतं आणि शिंपल्यांचा चुराही. आमचे जुने गवंडी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून सांगत, “खारी आसा.” ती चाचणी अंदाजापुरती ठीक. लॅबमध्ये वाळू शुद्ध पाण्यात ढवळायची, ते पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाण्यात दह्यासारखा पांढरा साका येतो. धुतलेल्या आणि न धुतलेल्या वाळूच्या दोन परीक्षानळ्या शेजारी धरल्या होत्या, त्यांतला फरक बघून वर्गात कुणी काही बोललं नाही. आता खाडीतल्या उपशावर निर्बंध आहेत आणि काळ्या दगडापासून क्रशरवर केलेली वाळू सगळीकडे येते. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला रीतसर जागा आहे. तिच्यात मीठ नसतं, पण दगडाची पूड जास्त असू शकते, म्हणून तीही चाळणीच्या चाचणीशिवाय घ्यायची नाही.

शेवटच्या वर्षाला आमच्या गटाने प्रोजेक्ट घेतला: किनाऱ्यालगतच्या जुन्या आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, घरांची पाहणी. इथे सगळा विषय एकत्र आला.

एका घराचे मालक तात्या निवृत्त शिक्षक. घर नव्वदच्या दशकात बांधलेलं, समोर सुरूची झाडं आणि पलीकडे वाळू. पुढच्या पडवीच्या स्लॅबचे पोपडे पडले होते आणि सळया उघड्या. तात्या म्हणाले, “अगो, मी स्वतः उभा राहून काम करून घेतलंय. सिमेंटात एक गोणी कमी केली नाही. मग असं का झालं?”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरच कळून घ्यायचं होतं. आम्ही आधी रिबाउंड हॅमर लावला, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण. आकडे चांगले आले, ताकद दिसत होती. पण इथे एक मेख आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा वरचा थर कडक होतो आणि त्यामुळे हॅमरचा आकडा फुगून येतो. म्हणून साध्या हातोडीने स्लॅब खालून ठोकत गेलो. काही ठिकाणी खणखणीत आवाज, काही ठिकाणी बद्द. बद्द म्हणजे आतला थर सुटलेला. तात्यांच्या परवानगीने सुटलेल्या जागीच थोडं फोडलं आणि ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडलं. आतला भाग गडद गुलाबी झाला, बाहेरचा पट्टा तसाच करडा राहिला. आणि सळई त्या करड्या पट्ट्यात होती.

यातलं शास्त्र तात्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तो तिला गंजू देत नाही. हा थर दोन तऱ्हांनी मोडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत मुरत पीएच ९ च्या खाली आणतो, गुलाबी रंग न येणारा पट्टा तो हाच. किंवा क्लोराइड सळईपर्यंत पोचतं आणि पीएच चांगला असतानाही तो थर ठिकठिकाणी भोसकतं. तात्यांकडे दोन्ही झालं होतं, कारण सिल्व्हर नायट्रेटनेही पांढरा साका दाखवला. वाळू खाडीची होती, होडीतून आलेली, हे त्यांनीच सांगितलं. गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. फुटलेल्या भेगेतून पुढच्या पावसाळ्याचं पाणी आणि वारा थेट सळईवर.

आम्ही कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, मोजलं. कुठे दहा मिलिमीटर, कुठे पंधरा. तात्यांनी टेप स्वतःच्या हातात घेतली, दोनतीन जागी पुन्हा मोजलं आणि विचारलं, “हे किती असायला हवं होतं?”

आयएस ४५६ च्या २००० च्या आवृत्तीत परिस्थितीप्रमाणे वर्ग पाडले आहेत. किनाऱ्याच्या वातावरणात उघडं असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येतं. त्याला किमान एम ३० दर्जा, घनमीटरला निदान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या वर नाही आणि कव्हर ४५ मिलिमीटर. समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर ‘अतितीव्र’, मग एम ३५ आणि ५० मिलिमीटर. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खांबांना एम ४० आणि ७५. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेल्या भागाला एम २५ आणि ३० चालतं. तात्यांचं घर या आवृत्तीच्या आधीचं आहे, आणि त्या वेळी गावात कुणी हे तक्ते हातात घेऊन बांधत नव्हतं. त्यांनी गोणी कमी केली नव्हती हे अगदी खरं. उणीव गोणीत नव्हतीच. ती सळई आणि वारा यांच्यामधल्या तीन सेंटिमीटरांत होती, आणि न धुतलेल्या वाळूत.

तोंडी परीक्षेत मला परीक्षकांनी याच प्रोजेक्टवरून विचारलं, “समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. मग सल्फेटरोधक सिमेंट का सुचवलं नाही?” हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. सल्फेटरोधक सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, ५ टक्क्यांच्या आत. पण हाच घटक क्लोराइडला पकडून ठेवतो. तो कमी केला की मोकळं क्लोराइड सळईकडे जास्त सहज पोचतं. म्हणून सळई असलेल्या काँक्रीटला इथे स्लॅग सिमेंट बरं. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, असतो, त्याने काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरून येतात आणि मिठाचा प्रवास मंदावतो. फ्लाय ॲशचं, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातल्या राखेचं, पोझोलाना सिमेंटही चालतं. अट एकच, पाणी भरपूर दिवस मारायचं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा. सातव्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवायचा आणि सिमेंट मात्र स्लॅगचं वापरायचं, यात फायद्यापेक्षा नुकसानच पदरी पडतं.

सिंधुदुर्गावर मी लहानपणापासून जाते, घर मालवणातच आहे. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर महाराजांनी तो उभारला. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं होतं असं सांगतात. विषय शिकून झाल्यावर तटाकडे बघायची नजर बदलली. लाटा ज्या बाजूला थेट आदळतात तिथे दगडाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा झालेला आहे, कारण दगडाच्या छिद्रांत खारं पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटा करतात. जांभ्याने बांधलेल्या विजयदुर्गातही हे बघायला मिळतं. साडेतीनशे वर्षं मीठ त्या भिंतींना खातंच आहे, पण वरवरून आणि सावकाश. भिंतीच्या पोटात गंजून फुगणारी सळई नाही. आपल्या घरांत ती आली, तिच्यामुळे मोठे गाळे मिळाले, पुढे काढलेल्या गच्च्या मिळाल्या, भूकंपाला तोंड द्यायची क्षमता मिळाली. मला ती नकोशी नाही. पण तिला सांभाळायची जबाबदारीही तिच्याबरोबर आली, हे जुन्या चिरेबंदी बांधकामाचे संस्कार घेऊन आलेल्या गावातल्या हातांना कुणी नीट सांगितलंच नाही.

आता मी साइटवर असते. कॉलेजात ज्याला विषय म्हणायचे त्याला इथे बारीकसारीक कामं म्हणतात. स्लॅब भरण्याआधी मी सळईखाली वाकून बघते. खडीचा तुकडा सरकवून सळई उचललेली असेल तर तो काढायला लावते, कारण खडी आडवी पडली की कव्हर गेलं. कव्हर ब्लॉक त्याच दर्जाच्या मालाचे आधी भरून, पाण्यात ठेवून तयार ठेवायला सांगते. बांधणीच्या तारेची टोकं आतल्या बाजूला वळवली आहेत का, हेही पाहते. टोक बाहेर राहिलं की कव्हरमधून मिठाला वाट मिळते आणि पहिला तांबडा डाग तिथेच उमटतो. आमचे फिटर आता मी येण्याआधीच पक्कड घेऊन टोकं वळवत जातात. मिक्सरशी मात्र अजून रोजची ओढाताण आहे. माल घट्ट दिसला की पाण्याची बादली उचलली जाते. प्लास्टिसायझर घातल्याने कमी पाण्यातही माल सरकतो, हे एकदा स्वतःच्या हाताने करून बघितल्यावरच पटतं.

सध्या वेंगुर्ल्याच्या बाजूला एक घर चालू आहे, विहीर आवारातच. काकींचा आग्रह होता की पाणी घरचंच वापरा. “आम्ही जन्मभर हेच पितोय, गोडं पाणी आहे.” पावसाळ्यानंतर ते गोडंच असतं. पण स्लॅब एप्रिलमध्ये होता, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीत उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी आत सरकतं. म्हणून नमुना मार्चअखेरीस घेतला. आरसीसीसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं. रिपोर्टमधला आकडा त्याच्या वर होता. काकी आणि काका दोघांनाही रिपोर्ट दाखवला, वाचून दाखवला. जोत्याचं बिनसळईचं काँक्रीट आधीच झालं होतं, त्याला मर्यादा २००० ची, त्यामुळे तिथे चिंता नव्हती. स्लॅबसाठी वरच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं, आणि टँकरने तेच आणलं. मालालाही तेच, वर मारायलाही तेच.

आता कंपाउंडचं ठरतंय. ठेकेदाराने आरसीसीचे खांब आणि पॅनेलची भिंत सुचवली आहे, काम लवकर होतं म्हणून. मी काकांना चिऱ्याचा गडगा घाला म्हणून सांगितलं आहे. त्यात सळईच नाही, आणि घरासाठी गेल्या वर्षी पावसाआधी उतरवून घेतलेले चिरे परसात पुरेसे उरलेत.